एसी लावला की गाडी थरथरते तेव्हा

खानदेशात मे महिन्यात एसी बंद ठेवून प्रवास करा, असं कुणी सांगितलं तर मी ते मनावर घेत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, डांबरावरून येणारी झळ वेगळीच. मागच्या सीटवर म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर गारवा ही चैन राहत नाही. म्हणून सिग्नलला गाडी थांबल्यावर स्टिअरिंग, सीट आणि आरसा थरथरायला लागले, तर ‘एसी बंद करा, गाडी ठीक होईल’ हा सल्ला मला उपाय वाटत नाही. त्याने दुखणं फक्त झाकलं जातं.

हे मी अनुभवावरून लिहितोय. आमची गाडी पेट्रोलची, छोटी, दहा वर्षांच्या पुढची. आईच्या डोळ्यांसाठी जळगावहून धुळ्याला नेहमी जावं लागायचं, रस्ता नव्वदेक किलोमीटरचा. पाळधी, एरंडोल, पारोळा करत गाडी झकास पळायची, आत गारही असायची. पण जळगावात अजिंठा चौफुलीला थांबली किंवा धुळ्यात शिरताना गर्दीत अडकली, की आरपीएमचा काटा खाली जायचा, पुन्हा वर यायचा आणि सगळी गाडी हादरायची. त्याच वेळी जाळीतून येणारी हवाही कोमट व्हायची. ही शेवटची गोष्ट मी दाखवायला नेलं तिथे प्रत्येक ठिकाणी सांगितली, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

एका ठिकाणी प्लग बदलून दिले. फरक पडला, पण थोडाच. दुसरीकडे बोनेट उघडायच्या आधीच निकाल आला, कंप्रेसर गेला, नवा टाका. तिसरीकडे ‘गार होत नाही ना, मग गॅस कमी आहे’ म्हणत गेज लावून गॅस भरला गेला. त्यानंतर दोनच दिवसांत पारोळ्याला ट्रकमागे उभे असताना इंजिन चक्क बंद पडलं. मागून गाड्यांची रांग, वर दुपारचं ऊन आणि आई घामाघूम. तो प्रसंग मला अजून अस्वस्थ करतो. कारण इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकची मदत एक-दोनदा पेडल दाबल्यावर संपते. उतारावर किंवा वळणावर हे झालं असतं तर काय, हा विचार नको वाटतो.

शेवटी उलगडा झाला तो धुळ्यात देवपूर भागातल्या एका वयस्कर मेस्तरींकडे. त्यांनी काही खोलायच्या आधी गाडी सावलीतून उन्हात घ्यायला सांगितली. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. एसी लावला आणि ते पुढे जाऊन ऐकत उभे राहिले. मग अहिराणीत म्हणाले, ‘आधी पंखा देखू, मंग गॅस.’

एसी लावला की रेडिएटरचा पंखा बहुतेक गाड्यांत लगेच फिरायला हवा. आमचा फिरत नव्हता. खूप तापल्यावर मात्र एकदम जोरात सुटायचा. त्याचा कमी वेगाचा टप्पा मेला होता, कारण त्या टप्प्याचा रेझिस्टर जळला होता. गाडी पळत असताना समोरचं वारं एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर थंड करायचं, म्हणून रस्त्यात सगळं सुरळीत वाटायचं. थांबल्यावर वारं नाही, पंखाही नाही, मग कंडेन्सरमधला दाब वाढत जायचा. तो दाब पेलायला कंप्रेसरला जास्त जोर लागायचा आणि तो जोर इंजिनमधूनच यायचा. इंजिन तर अशा वेळी सर्वांत कमी ताकदीवर चालत असतं.

त्यात भर म्हणजे कंडेन्सरची जाळी. मेस्तरींनी पुढची जाळी काढून दाखवली, तेव्हा मागे कंडेन्सरवर मातीचा लेप आणि कापसाचे तंतू चिकटलेले होते. आमच्याकडे हे व्हायचंच. हिवाळाभर कापूस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून गाडी चालवायची आणि फागणे ते तरसोद महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या कामात वर्षानुवर्षं उडालेली धूळही खायची. ही जाळी सहसा कुणी धुवत नाही, कारण ती दिसत नाही. गॅस काढून वजन केल्यावर कळलं, की बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिल्यापेक्षा तो बराच जास्त भरलेला होता. म्हणजे आधीच दमलेल्या इंजिनावर आणखी ओझं. कंप्रेसर ठणठणीत होता.

म्हणून माझं सांगणं असं, की एसी लावल्यावर गाडी थरथरते म्हणजे एसी बिघडला, हे आधी डोक्यातून काढा. चालू कंप्रेसर छोट्या इंजिनाकडून सहज तीन-चार अश्वशक्ती मागतो. धडधाकट गाडीत एसीचं बटण दाबल्याबरोबर इंजिनाचा कॉम्प्युटर थोडी जास्त हवा आत घेतो, आयडल जरा वाढवतो, आणि ‘टक’ आवाज करून कंप्रेसरचा क्लच लागतो. त्या क्षणी काटा जरासा हलणं, हलका धक्का जाणवणं हे दुखणं नव्हे. जोरात ओव्हरटेक करताना दोन-चार सेकंद एसी आपोआप सुटतो, तेही कॉम्प्युटर मुद्दाम करतो. काळजी करायची ती थरथर थांबतच नसेल तेव्हा.

गॅरेजला जाण्याआधी भर दुपारी घराबाहेर एकदा स्वतः बघा. एसी बंद असतानाही इंजिन ओढाताण करत असेल, तर दोष इंजिनात शोधायचा. प्लग, इग्निशन कॉइल, धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर, कुठेतरी चिरलेला व्हॅक्यूमचा पाइप. गाडी सीएनजीवर असेल तर प्लग आणि कॉइल आधी बघा. सीएनजीला ठिणगी जोरदार लागते, आणि पेट्रोलवर खपून जाणारा अशक्तपणा गॅसवर उघडा पडतो. एसी बंद असताना सगळं गुळगुळीत आणि लावल्यावर काटा खाली बसत असेल, तर पंखा, कंडेन्सर, गॅस किंवा थ्रॉटल बॉडी. काटा जागेवर स्थिर, आवाज एकसारखा, पण सीट आणि स्टिअरिंग हादरतंय, तर इंजिनाखालचे माउंटिंगचे रबर बसले असण्याची शक्यता मोठी. तिथे प्लग बदलून काहीच होणार नाही. थांबल्यावर गारवाही कमी होतो का, हे मात्र नक्की लक्षात ठेवा आणि ते ऐकून घेणारा मेस्तरी शोधा.

मेस्तरींनी दाखवलेली एक चाचणी मला फार मोलाची वाटते. इंजिन आणि एसी चालू ठेवून पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बाटलीने सावकाश पाणी सोडायचं. थरथर कमी झाली, काटा सावरला, हवा गार आली, तर दोष उष्णता बाहेर न पडण्यात आहे आणि कंप्रेसरवर पैसे घालायची गरज बहुधा नाही. एवढं करताना हात, उपरणं, ओढणी पंख्यापासून दूर ठेवा. विजेचा पंखा कुठल्याही क्षणी आपोआप सुरू होतो. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, आणि रेडिएटरचं झाकण तर गरम असताना उघडूच नका.

आमच्या गाडीत पंखा, जाळी आणि गॅस मार्गी लागल्यावरही सकाळी थंड इंजिनाला थोडी थरथर उरली होती. ती थ्रॉटल बॉडीतल्या काजळीची. इंजिनातून परत येणाऱ्या तेलकट वाफेने तिथल्या झडपेच्या कडेला काळा थर बसतो आणि आयडलला लागणारी हवा अडते. तो स्प्रेने साफ होतो. पण झडप इलेक्ट्रॉनिक असेल, तर चावी चालू ठेवून ती बोटाने ढकलू देऊ नका. साफ केल्यावर काही गाड्यांत आयडल उलट वाढतं. तेव्हा स्कॅनर लावून ते नव्याने शिकवावं लागतं. ज्याच्याकडे स्कॅनर नाही, त्याला नव्या गाडीच्या या भागाला हात लावू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्री हेडलाइट लावल्यावरच गाडी जास्त हादरत असेल, तर बॅटरी आणि अल्टरनेटर तपासा. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत.

गॅसबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. आपल्या बहुतेक गाड्यांत आर-134ए हा गॅस असतो. ओझोन थर वाचवण्यासाठी 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, त्यानंतर जुन्या आर-12 च्या जागी तो आला. छोट्या गाडीत तो पाव ते अर्धा किलोच्या दरम्यान असतो, इतका थोडा की शंभर ग्रॅमचा फरकही जाणवतो. तो इंजिन ऑइलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधायलाच हवी. नुसता गेज बघून वरून गॅस टाकणं 43-44 अंशांच्या उन्हात फसवं ठरतं, कारण त्या हवेत वरचा दाब तसाही चढलेला असतो. योग्य पद्धत म्हणजे आहे तो गॅस यंत्राने काढणं, किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून आतला ओलावा घालवणं आणि स्टिकरवरच्या आकड्याइतकाच वजन करून भरणं. जुना गॅस हवेत सोडून देणाऱ्याकडे जाऊ नका. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक घातक आहे, आणि उन्हाळा आपलाच वाढतोय.

इंजिन वाहतुकीत बंद पडायला लागलं असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत लांबचा प्रवास पहाटे करा. थांबताना एसी काही क्षण बंद ठेवा, गाडीच्या आतला पंखा फिरता राहू द्या. मात्र हे दोन-चार दिवसांपुरतंच.

या सगळ्याला योग्य वेळ होळीच्या आधीची. एप्रिल उजाडला की जळगावात काय आणि धुळ्यात काय, एसीवाल्यांकडे रांगा लागतात आणि घाईत काम उरकलं जातं. फेब्रुवारीत, कापसाची वाहतूक ओसरल्यावर, कंडेन्सर पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्या. प्रेशरचा फवारा जवळून मारू देऊ नका, पातळ पत्रे वाकतात. पंख्याचे दोन्ही वेग डोळ्यांनी बघा. आणि गॅस भरलाच, तर किती ग्रॅम भरला तो आकडा बिलावर लिहून मागा.