फळा दिसतो का, हे आधी विचारा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला, वळवाचे दोन सडाके पडून उचगावच्या शिवारातील माती काळी दिसू लागली आणि महाद्वार रोडवरून आणलेल्या वह्यांना तपकिरी कागदाची वेष्टने चढू लागली, की माझ्या दवाखान्यात दरसाल एका ठराविक मागणीचा ओघ सुरू होतो. ताप नसतो, खोकला नसतो, जखमही नसते, पालक मुलाला पुढे करतात आणि म्हणतात, "डॉक्टर, पोराचं डोकं चालंना झालंय. शाळा सुरू व्हायच्या आत बुद्धीचं एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या."

बुद्धी वाढविणारे असे औषध अस्तित्वात नाही. ज्या मुलाच्या अंगात रक्त कमी आहे त्यास लोह दिल्याने, ज्याच्या पोटात जंत आहेत त्याचे जंत पाडल्याने त्याची मरगळ जाते व अभ्यासात मन लागते, हे खरे. परंतु निरोगी मुलाला बाटलीतून स्मरणशक्ती पाजता येत नाही. म्हणून मी कागदावर काही लिहिण्यापूर्वी मुलाला दवाखान्याच्या पायरीवर उभे करतो, एक डोळा तळहाताने झाकावयास सांगतो आणि रस्त्यापलीकडील किराणा दुकानाची पाटी वाचावयास लावतो. दर हंगामात काही मुले अशी निघतातच की ज्यांना त्या पाटीचा रंग सांगता येतो, पण अक्षर एकही सांगता येत नाही. आणि त्यांच्याविषयी ‘लक्ष देत नाही’, ‘धांदरट आहे’ असा निवाडा घरात व वर्गात केव्हाच झालेला असतो.

दोन वर्षांपूर्वी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत पाळीने काम करणारे गृहस्थ आपल्या चौथीतील मुलीला घेऊन आले होते. मुलगी तोंडी परीक्षेत हुशार, लेखी परीक्षेत मात्र मागे. फळ्यावरचे उतरवून घेताना ओळी गाळणारी, शेजारणीच्या वहीत डोकावल्याबद्दल दोनदा शिक्षा भोगलेली. नेत्रतज्ज्ञांकडे पाठविल्यावर दोन्ही डोळ्यांना उणे अडीच नंबर निघाला. याचा अर्थ असा, की सुमारे चाळीस सेंटिमीटरपलीकडचे, म्हणजे एका हाताच्या अंतराबाहेरचे सर्व काही तिला धूसर दिसत होते, आणि फळा तर तिच्या बाकापासून दहा-बारा फुटांवर होता. तिने तक्रार का केली नाही, असे वडिलांनी मला विचारले. दृष्टी इतकी हळूहळू अधू होते की मुलाच्या ध्यानात तो बदल येतच नाही, हे त्याचे उत्तर.

चष्मा झाला. परंतु घरी आजीबाईंनी तो पाहिला मात्र आणि म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला चष्मा? एकदा लावला की नंबर वाढतच जातोय. उद्या सोयरीक कशी जमायची?" दिवाळीच्या सुट्टीत हे गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा नंबर सव्वातीनवर गेला होता. "बघा डॉक्टर, आई म्हणत होती तेच झालं. चष्म्यानं नंबर वाढला." मी मुलीकडे पाहिले, तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तो कोठे आहे, असे विचारता कळले की तो पहिल्या आठवड्यापासून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलेला आहे. त्या दिवशी माझा आवाज चढला, आणि त्याबद्दल मला आजही खेद वाटत नाही. कारण जो चष्मा त्या मुलीने लावलाच नव्हता, त्याच्या माथी तिच्या वाढलेल्या नंबराचा दोष मारला जात होता आणि दरम्यान चौथीची एक सहामाही तिच्या हातातून गेली होती.

हा गैरसमज इतका चिवट का, हे मला समजते. मुलाला आठव्या-नवव्या वर्षी चष्मा लागतो आणि पुढे दरसाल नंबर थोडा थोडा वाढतो, तेव्हा दोहोंचा कार्यकारणभाव जोडण्याचा मोह कोणालाही होईल. पण जूनमध्ये मुलांना आपण नवे बूट घेतो, ते पुढच्या जूनमध्ये पायाला होत नाहीत, म्हणून बूट घातल्याने पाऊल वाढले असे आपण म्हणतो काय? लघुदृष्टीचेही तसेच आहे. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे चोवीस मिलिमीटर लांब असतो; वाढीच्या वयात काही मुलांचा डोळा प्रमाणाबाहेर लांबतो, प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते, आणि एका मिलिमीटरच्या जादा लांबीसाठी अडीच ते तीन नंबर मोजावा लागतो. शरीराची वाढ चालू असेपर्यंत ही लांबण चालू राहू शकते; भिंग ती प्रतिमा केवळ योग्य जागी आणून ठेवते. कमी नंबराचा चष्मा दिला तर डोळा ‘आळसावणार’ नाही, अशीही एक समजूत शिकलेल्या घरांतून आढळते. मलेशियातील संशोधकांनी चौऱ्याण्णव मुलांवर दोन वर्षे हेच पडताळून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : ज्यांना मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिला होता, त्यांचाच नंबर अधिक वाढला होता.

तेव्हा पालकहो, चष्मा लागणे हे संकट नव्हे. त्यात तुमचा किंवा मुलाचा काही कसूर नाही, डोळे त्यामुळे दुर्बल होत नाहीत आणि चष्म्याची सवय जडते म्हणजे केवळ स्वच्छ दिसण्याची सवय जडते. संकट निराळेच आहे, आणि त्याविषयी मात्र मी तुम्हांस दटावणार आहे. एखाद्या मुलाच्या एकाच डोळ्यात मोठा दोष असतो. दुसरा डोळा चांगला असल्याने त्याचे सारे व्यवहार सुरळीत चालतात, कोणाला शंका येत नाही, आणि न वापरलेल्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा मेंदू हळूहळू स्वीकारणेच सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन व चांगला डोळा दिवसातील काही तास झाकून ही दृष्टी बहुधा परत मिळविता येते. वय वाढत जाते तसे यश कमी होत जाते. म्हणून आज संध्याकाळीच भिंतीवरचे कालनिर्णय दहा फुटांवर टांगा, मुलाचा एक एक डोळा तळहाताने झाका आणि तारखा वाचावयास सांगा. एका डोळ्याने वाचले आणि दुसऱ्याने अडखळला, तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. ज्याचे सर्व वाचून झाले, त्याचीही शाळाप्रवेशाच्या वयात एकदा नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी व्हावीच.

आणखीही खुणा आहेत : दूरचे पाहताना डोळे बारीक करणे, मान एका बाजूस कलती ठेवणे, उन्हात एकच डोळा मिटणे, दूरदर्शन संचाच्या अगदी पुढ्यात जाऊन बसणे, केएमटीची बस थांब्यावर येऊन उभी राहीपर्यंत तिची पाटी न वाचता येणे. डोळा तिरका जात असेल तर ‘तिरळेपणा भाग्याचा’ म्हणून थांबू नका. छायाचित्रात किंवा दिव्याच्या उजेडात बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा पहाटे डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, किंवा दिसणे एकाएकी कमी झाले, तर शाळा, पाहुणे, लग्नसराई सर्व बाजूस ठेवून त्याच दिवशी मुलाला दाखवा. या तिन्हींमागे डोळ्याचा वा मेंदूचा जिवावरचा विकार असू शकतो.

आता इलाजांविषयी. नंबर उतरविणारे थेंब बाजारात विकणारे फिरस्ते पूर्वी होते. आता त्यांची जागा भ्रमणध्वनीवरील चित्रफितींनी घेतली आहे. कोणी कांद्याचा रस व मध घालावयास सांगतो, कोणी उगवत्या सूर्याकडे टक लावावयास, कोणी बारीक छिद्रांचा काळा चष्मा विकतो. लांबलेला डोळा यांपैकी कशानेही आखूड होत नाही. रसाने बुबुळास इजा होते, आणि सूर्याकडे पाहिल्याने पडद्यावर पडणारा डाग काही जणांत जन्मभर राहतो. पण याहूनही अधिक घात मी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या थेंबांनी झालेला पाहिला आहे. उन्हाळ्यात धुळीने मुलांचे डोळे खाजतात, कोणीतरी स्टिरॉइडचे थेंब देतो, दोन दिवसांत आराम पडतो, मग तीच बाटली महिनोन्महिने चालते. आत डोळ्याचा दाब वाढत असतो, मोतीबिंदूही होऊ शकतो, आणि दाबाने गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, डोळे चोळू देऊ नका, आणि थेंब हवेतच तर ते तपासणीनंतर घ्या.

घरी करण्याजोगे एक काम आहे, आणि त्यास एक पैसा लागत नाही : मुलांना दिवसाउजेडी मैदानावर सोडणे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा जादा तास मोकळ्या हवेत ठेवला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या शाळांत शेकडा तीस मुलांना लघुदृष्टी जडली, इतर शाळांत शेकडा जवळजवळ चाळीस मुलांना. आपले कोल्हापूर तालमींचे व फुटबॉलचे गाव. इथे मुलांना खेळावयास सांगावे लागू नये. तरीही शिष्यवृत्तीच्या वर्गाचे निमित्त सांगून मुलग्यांचा, आणि काहीही निमित्त न सांगता मुलींचा, संध्याकाळचा खेळ बंद होताना मी पाहतो. मुलीलाही रोज दोन तास बाहेरचा उजेड हवा.

खेळाबरोबर झोपेकडेही पाहा; तिची घडी सुट्टी संपण्यापूर्वी दोन आठवडे बसवा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून कमी झोप पुरत नाही, आणि उशाशी भ्रमणध्वनी असेल तर ती मिळत नाही.

खर्चाची सबब सांगणाऱ्यांस माझे एवढेच सांगणे. ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तजवीज केली, त्याच मुलखात आज मूल रोज शाळेत जाते, पण फळा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे मला सहन होत नाही. शासकीय व अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून वर्षातून एकदा तपासणीस येते; आपले मूल त्या दिवशी गैरहजर होते काय, याची मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेत्रविभाग आहे. तिथे जाण्यास कोणाच्या शिफारशीची गरज नाही.

जाताना जुना चष्मा आणि नंबरचा जुना कागद बरोबर न्या. मुलांचा नंबर यंत्रावर घाईने काढून चालत नाही, कारण लहान डोळा पाहताना आपोआप जोर लावतो व नंबर चुकीचा दाखवितो. म्हणून बाहुली मोठी करणारे औषध घालून तपासावे लागते. त्याने जवळचे अंधुक दिसते व उजेड खुपतो. हा परिणाम औषधागणिक कधी एक दिवस, कधी आठवड्याहून अधिक राहतो. त्याला घाबरू नका, तो आपोआप ओसरतो. मात्र त्या दिवसांत मुलाला वाचता-लिहिता येणार नाही. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतील, तेव्हा या कामासाठी जूनचा पहिला आठवडाच राखून ठेवा.