सांगायचं कोणाला?
(सेवाकार्यातील नेतृत्व आणि सहकार्य)



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील, एकट्याच राहणाऱ्या एका आजोबांना अचानक रुग्णालयात हलवावे लागले. त्यांना भेटणाऱ्यांची वाण नव्हती. पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांना पवित्र कम्युनियन देत असू, महिला मंडळाच्या भगिनी डबा नेत, युवक-युवती सणासुदीला जाऊन गाणी म्हणत. औषधांकडे मात्र दुसरे कोणीतरी पाहत असेल असे प्रत्येकाला वाटत होते. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून दीड महिना झाला होता, आणि हे एकाच व्यक्तीला ठाऊक होते : त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना. "तुम्ही आम्हांला सांगितलं का नाही?" असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, मला कोणी विचारलंच नाही. आणि सांगायचं कोणाला?"

परमेश्वराच्या कृपेने आजोबा बरे होऊन घरी आले. पण मावशींचा दुसरा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. रुग्णांची यादी आमच्या डायरीत होती आणि डायरी आमच्या खणात. आपल्या धर्मग्रामात दया भरपूर आहे. तिला व्यवस्था लावण्यात आम्ही कमी पडलो. म्हणून आज या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

१. दयेला पाळी लावणारा धर्मगुरू

१६१७ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. फ्रान्समधील शातियों या गावी संत व्हिन्सेंट डी पॉल धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सेपूर्वी त्यांना कळले की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडले आहेत. त्यांनी प्रवचनात लोकांना कळकळीने आवाहन केले. दुपारी ते स्वतः निघाले तेव्हा वाटेवर जत्रा लोटावी तशी माणसे अन्न घेऊन चाललेली दिसली. त्यांना आनंद झाला, पण पाठोपाठ काळजीही वाटली. आज आलेले हे सगळे अन्न नासून जाणार आणि चार दिवसांनी ते कुटुंब पुन्हा उपाशी राहणार!

मग त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र केले, एकेकीने एकेक दिवस वाटून घ्यावा असे ठरवले आणि त्याच वर्षी त्याचे लेखी नियम केले. त्यातला एक बारकावा पाहा. ज्यांच्याजवळ घरचे कोणी आहे अशा रुग्णांपासून सुरुवात करावी आणि एकट्या रुग्णाकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसता येईल. नियम म्हटला की आपल्याला कोरडेपणा आठवतो. इथे नियमामुळेच एकट्या माणसाला सोबत मिळाली.

२. आपल्याच परिसरातले जामखेड

दुसरे उदाहरण लांबचे नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड आपल्याच नाशिक धर्मप्रांताच्या हद्दीत येते. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. त्याआधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानात आले होते की बरे करून घरी पाठवलेले रुग्ण तेच टाळता येण्याजोगे आजार घेऊन पुन्हा येतात. रोगाचे मूळ रुग्णालयाच्या दारात नव्हते, ते गावात होते.

जामखेडला त्यांनी आधी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी पाठवले. तो बेत जमला नाही. परिचारिका बाहेरच्या, वयाने लहान. गावच्या बायका त्यांच्याशी मन मोकळे करीनात. डॉक्टरांनी आपला हट्ट धरून ठेवला नाही. गावानेच आपल्यातली एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्यांपैकी अनेक जणी दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवत आणि शिकलेले गावात जाऊन इतरांना शिकवत. बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी, कुष्ठरोग आणि क्षयरोग वेळेवर ओळखणे ही कामे त्यांनी सांभाळली. डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांचे पथक गावात आले की घराघराची माहिती तिच्याकडून घेई आणि तिच्या कामाला पाठबळ देई.

फळ काय मिळाले? १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली देवाघरी गेले.

१९८८ साली याच प्रकल्पातील आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनमधील एका परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगीत दिव्यांकडे बोट दाखवून, हे सुंदर आहेत पण महाग आणि अवघड आहेत, अशा आशयाचे त्या म्हणाल्या. मग एक साधी वातीची पणती लावून तिने दुसरी पेटवली. आम्ही अशा आहोत, एकीपासून दुसरी पेटते, असा त्यांचा अर्थ होता. पास्काच्या रात्री असेच दृश्य आपण दरवर्षी पाहतो. त्याचा अर्थ त्यांनी आपल्याला नव्याने दाखवला.

३. नेत्याने काय करावे?

या उदाहरणांतून आम्हांला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, नेत्याने सगळे ओझे आपल्याच डोक्यावर घेऊ नये. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसे. त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला थांबवले : अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील (पाहा, निर्गम १८). पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली हेच तत्त्व समाजरचनेसाठी मांडले. लहान गटाला जे करता येते ते मोठ्याने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. गरज पडेल तिथे मदतीला मात्र यावे. काम वाटून देणे म्हणजे अंग काढून घेणे नव्हे.

दुसरी, रुग्णाच्या सर्वांत जवळ असणाऱ्याचे आधी ऐकावे. ही व्यक्ती बहुधा मानाच्या उतरंडीत सर्वांत खाली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी दिली, तिच्यात एक साधी सूचना आहे : चीर देण्यापूर्वी पथकातील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे. ज्याचे नाव घेतले जाते, त्याला चूक दिसल्यावर तोंड उघडण्याचे धैर्य येते. त्या मावशींचे नाव आमच्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

तिसरी, जबाबदारीला नाव असावे. सगळ्यांची जबाबदारी असे म्हटले की ती कोणाचीच राहत नाही.

४. आपण काय करणार?

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात आपण अर्धा तास बसू. घरी असलेल्या प्रत्येक रुग्णामागे एका व्यक्तीचे नाव ठरवू. तिने सगळे काम करायचे नाही. सगळी माहिती मात्र तिच्यापाशी यावी. रुग्णाच्या घरी एक वही राहील. भेटायला जाणारा प्रत्येक जण, आम्हीसुद्धा, तिच्यात दोन ओळी लिहील. कामाला येणाऱ्या मावशी, शेजारी, औषधांचे दुकानदार यांना कोणाला फोन करायचा हे त्या वहीच्या पहिल्याच पानावर असेल. आणि आमची डायरी खणातून बाहेर येईल.

चिंतनासाठी प्रश्न :
१. माझ्या घरातील आजारी किंवा वृद्ध व्यक्तीची सर्वांत अधिक माहिती कोणाला आहे? मी त्या व्यक्तीला शेवटचे कधी विचारले?
२. मी धरून ठेवलेले कोणते काम दुसऱ्याला शिकवता येईल?
३. आपल्या वाडीत किंवा इमारतीत एकटे कोण राहते?

चौघांनी मिळून खाट उचलली, छप्पर उघडले, तेव्हा तो पक्षाघाती येशूपुढे पोहोचला (मार्क २). त्या चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत. पण एकाने जरी आपला कोपरा सोडला असता, तर खाट वाटेतच कलंडली असती.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू