रजोनिवृत्ती : लक्षणविचार आणि एक सावधगिरी

रजोनिवृत्ती हा व्याधी नसून स्त्रीजीवनातील एक स्वाभाविक अवस्था आहे. सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा काल १२ ते ५० वर्षे असा सांगितला आहे. आधुनिक व्याख्येनुसार सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे समजतात. भारतीय स्त्रियांत ती साधारणतः ४६-४७ व्या वर्षी येते. ४० वर्षांपूर्वी आल्यास ती अकाली समजून स्वतंत्र तपासणी करावी.

या वयात वातवृद्धी व धातुक्षय यांस प्रारंभ होतो. अनिद्रा, संधिशूल, योनिरूक्षता व चित्ताची अस्थिरता ही वाताची लक्षणे होत. अंगातून अकस्मात उष्णतेच्या लाटा येणे, रात्री घाम फुटणे व चिडचिड यांत पित्ताचा अनुबंध दिसतो. अस्थिक्षय मात्र निःशब्दपणे चालू राहतो. अभ्यंग, शतावरी, दुग्ध-घृतयुक्त आहार, नियमित चालणे व योनिरूक्षतेत तिळतेलाचा पिचू यांची योजना आम्ही प्रकृतीनुसार करतो. थायरॉईडचे औषध चालू असल्यास अश्वगंधा विचारपूर्वक द्यावी.

येथे एक अनुभव नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. ५६ वर्षांच्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. पाळी बंद होऊन पाच वर्षे झाली होती. अधूनमधून डाग लागत, म्हणून चार महिने त्या दुकानातून अशोकारिष्ट आणून घेत होत्या. स्राव थांबे, पुन्हा होई. आम्ही औषध न देता त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. बायोप्सीत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग निघाला.

रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव बहुतेक वेळा योनिशोष, पॉलिप यांसारख्या साध्या कारणांनी होतो. तथापि अशा दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीस कर्करोग आढळतो. म्हणून एकदाच डाग लागला तरी रक्तप्रदर समजून स्तंभन चिकित्सा करू नये. आधी योनिमार्गे सोनोग्राफी करवावी. अंतःस्तराची जाडी ४ मि.मी.पेक्षा अधिक असल्यास, किंवा ती कमी असूनही स्राव पुन्हा झाल्यास, बायोप्सी आवश्यक आहे. स्तंभन द्रव्यांनी डाग थांबतो. निदान मात्र लांबते.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती, की प्रौढ भगिनींनी अशोकारिष्ट वा पुष्यानुग चूर्ण मागितल्यास एवढेच विचारावे : "ताई, पाळी बंद होऊन वर्ष झाले आहे का?" उत्तर 'होय' असेल आणि डाग लागत असेल, तर बाटली देऊ नये, त्यांना वैद्यांकडे पाठवावे.