घरचा सोलर किती किलोवॉटचा घ्यावा?
बिल, मंजूर भार, डीपी आणि छत यांचा हिशेब

अंथुर्ण्यासारख्या गावात सोलरची चौकशी केली की विक्रेता आधी छत मोजतो आणि मावतील तेवढे पॅनेल सांगतो. हिशेब खरं तर वीजबिलापासून सुरू व्हायला हवा. किती वीज लागते, महावितरणची परवानगी कितीची आणि मोकळी जागा किती, हे त्या क्रमाने पाहिलं की आकडा आपोआप हाती येतो. ही कृती फक्त घरगुती मीटरसाठी आहे. उसाच्या मोटारीचा भार यात धरू नका, त्याचं कनेक्शन आणि योजना वेगळ्या.

हाताशी ठेवा: वर्षभराची वीजबिलं, घराचा उतारा, आधार, बँक पासबुक, मोजपट्टी.

१. नाव तपासा. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्या. अनुदानाचा अर्ज वीजग्राहकाच्याच नावाने होतो. नाव जुळलं नाही की अर्ज अडकतो.

२. वर्षाचे युनिट काढा. बारा महिन्यांची बेरीज करून १२ ने भागा. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून क्षमता ठरवू नका. आपल्याकडे १ किलोवॉट सोलर महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. उदाहरणार्थ, वर्षाचे २,६४० युनिट म्हणजे महिन्याला सरासरी २२०. त्याला ११० ने भागलं की २ किलोवॉट. वर्षभरात कूलर किंवा ई-बाइक नक्की येणार असेल तरच थोडी वाढ धरा.

३. बिलावरचा मंजूर भार बघा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त नसावी. मंजूर भार १ किलोवॉट आणि गरज २ ची असेल, तर भार वाढवून घ्यावा लागतो. केंद्राच्या नियमांतल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने हे सोपं झालं आहे: १० किलोवॉटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर मानायचा आणि लागेल तेवढा भारही वीज कंपनीनेच वाढवायचा. ५ किलोवॉटपर्यंत वितरण यंत्रणा सक्षम करण्याचा खर्चही कंपनीचाच. ८ किलोवॉटच्या आतली यंत्रणा सिंगल फेजवर चालते. त्यापुढे थ्री फेज लागतो.

४. डीपीची, म्हणजे रोहित्राची, चौकशी करा. २०१९ च्या नियमांत एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतच सोलर जोडायची मर्यादा आहे. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर सुमारे ४४ किलोवॉट, १०० केव्हीएच्या डीपीवर ७०. घरगुती अर्जाला याची आडकाठी सहसा येत नाही, तरी वायरमनला विचारा: डीपी कितीची, तिच्यावर सोलर किती घरांचे, आपलं घर लाइनच्या शेवटाला आहे का? भर दुपारी वापर कमी आणि निर्मिती जास्त असली की टोकाच्या घरी व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. तसं होत असेल तर डीपीचं काम आधी करून घ्या.

५. फीडर कुठला ते बघा. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की थांबतो, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. गावठाणाच्या फीडरवर फारशी अडचण नाही. वस्तीवरचं घर शेतीच्या फीडरवर असेल, तर दिवसा वीज किती तास असते ते लिहून काढा. तेवढ्याच तासांची निर्मिती हिशेबात धरा.

६. छत मोजा. किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याची टाकी, नारळ, शेजारचा मजला यांची सावली सकाळी ९ ते दुपारी ४ पर्यंत कुठे पडते ते पाहा.

७. अनुदान लावा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. ३ किलोवॉट व त्यापुढे कितीही घ्या, ७८,००० वरच थांबतं. पॅनेल भारतीय सेलचे हवेत. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांत ज्याची क्षमता कमी, तीच यंत्रणेची क्षमता धरली जाते. ५४० वॉटचे ४ पॅनेल म्हणजे २.१६ किलोवॉट, त्याला इन्व्हर्टर २ चा असेल तर क्षमता २.

८. मार्चचा हिशेब करा, मगच सही करा. नेट मीटरमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला खातं मिटतं. उरलेल्या युनिटचे पैसे आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण वाचवलेल्या युनिटच्या दरापेक्षा कमी असतो. हिवाळ्यातली शिल्लक अशी एप्रिलच्या तोंडावर संपते आणि लगेच कूलर सुरू होतात. म्हणून गरजेपेक्षा जास्त किलोवॉट घेऊन कमाई होईल या भरवशावर कर्ज काढू नका. स्थिर आकार तर शून्य युनिटच्या बिलातही येतोच.

आता वापराचा आणि छताचा असे दोन आकडे समोर मांडा. त्यांतला लहान तो तुमचा. मंजूर भार त्याहून कमी असेल तर वाढवून मागा, जास्त असेल तर तो भरून काढायची गरज नाही. वरच्या उदाहरणातल्या घराला २ किलोवॉट पुरे. विक्रेता ५ चा दर घेऊन आला, तर त्याच्यापुढे वर्षाच्या युनिटची बेरीज ठेवा आणि उरलेले ३ कशासाठी ते विचारा.