वाईट बातमी साच्यातच कळावी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत १९९४ साली मी बावीस माणसांना घेऊन फौंड्री सुरू केली. तेव्हा कोकवर चालणारी क्युपोला भट्टी होती. आज दोन इंडक्शन भट्ट्या आहेत आणि दोनशे चाळीस घरांच्या चुली या कारखान्यावर पेटतात. नव्याने धंद्यात उतरलेली मुलं भेटायला येतात आणि विचारतात, ‘कंपनी वाढवायची तर मालकाने नेमकं काय करायचं?’ मला जे उत्तर सापडलं, ते मला ओतकामानेच शिकवलं.

वाळूच्या साच्यात दोष दिसला, तर साचा मोडून पुन्हा भरायचा. पाच-दहा मिनिटं जातात. लोखंडाचा रस ओतल्यावर दिसला, तर वीज गेली, मजुरी गेली, माल पुन्हा भट्टीत. गिऱ्हाइकाच्या मशिनवर दिसला, तर त्याचं टूल, त्याचा वेळ आणि आपलं नाव, तिन्ही जातं. दोष तोच असतो, तो कळायला जितका उशीर होतो तितकी त्याची किंमत वाढते. कंपनीचंही असंच आहे. प्रमुखाने आणखी शंभर कामं करावीत, पण वाईट बातमी आपल्यापर्यंत वेळेत येईल अशी वाट मोकळी ठेवणं हे त्याचं पहिलं काम. ते जमायला मला पंचवीसहून जास्त वर्षं लागली. त्या वर्षांतले हे धडे.

१. बातमी आणणाऱ्यावर ओरडू नका

एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून जवळजवळ सगळा लॉट परत आला. मशिनिंग करताना आत ब्लो होल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, निघाले होते. त्यांची लाइन थांबली, आम्हाला डेबिट नोट आली. कारण शोधताना कळलं, की तो माल ओतला त्या रात्री वाळूत पाणी जास्त झालं होतं. ज्या जुन्या मोल्डरने ते साचे भरले, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, “वाळू वली हाय हे मुठीत धरल्याबरोबर कळलं हुतं, मालक. पण सांगायचं कुणाला?”

सुपरवायझरने सांगायला हवं होतं. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात एका बिघाडाबद्दल मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्याने धडा घेतला होता, गप्प बसण्याचा. तो लॉट माझ्या तोंडामुळे गेला.

त्यानंतर रोज सकाळी साडेआठला सँड प्लांटजवळ उभ्यानेच बैठक सुरू केली. पहिला प्रश्न एकच असतो, ‘काल रात्री काय बिघडलं?’ जो त्याच पाळीत सांगेल, त्याच्या पगाराला किंवा मानाला धक्का लागणार नाही, असं मी जाहीर केलं आणि पाळलं. पहिल्या दोन महिन्यांत कागदावरचं रिजेक्शन वाढलं. माझे अकाउंटंट घाबरले. खरं तर माल पूर्वीइतकाच खराब निघत होता, फक्त आता तो लपत नव्हता. सहा महिन्यांनी आकडा खाली आला आणि तसाच राहिला. टोयोटाच्या कारखान्यात कुठलाही कामगार दोरी ओढून अडचण कळवू शकतो आणि गरज पडली तर लाइन थांबते. ती दोरी बसवायला खर्च फारसा नाही. ती ओढल्यावर कुणी रागावणार नाही, हा विश्वास बसवायला वर्षं लागतात.

२. विक्री वाढली की आधी रोकड मोजा

आमची विक्री महिन्याला एक कोटीवरून दीड कोटीवर गेली, तेव्हा मी पेढे वाटले. तीन महिन्यांनी पगाराच्या तारखेला बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट संपलेली होती.

हिशोब साधा आहे. गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतं, तेव्हा महिन्याला एक कोटीच्या विक्रीत तीन कोटी बाजारात अडकलेले असतात. विक्री दीड कोटी झाली की साडेचार कोटी अडकतात. मधल्या दीड कोटीतला नफा सोडला, तरी बाकीचा पैसा खिशातूनच घालावा लागतो, कारण स्क्रॅपवाला आठवड्यात पैसे मागतो आणि महावितरणचं बिल थांबत नाही. नफ्यात चालणाऱ्या फौंड्र्या अशाच बंद पडताना मी पाहिल्या आहेत.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक कलम आणलं. अशा उत्पादकाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. तरीही ज्याच्याकडून उद्याची ऑर्डर हवी, त्याच्याविरुद्ध कुणी तक्रार करत नाही. मीही केली नाही. म्हणून मी वाटाघाटीचा क्रम बदलला. आता दराआधी पैशाच्या मुदतीवर बोलतो. बिलं ट्रेड्सवर (बिलाचे पैसे मुदतीआधी मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) टाकून घेण्याची तयारी गिऱ्हाइकाला आधीच विचारतो. दर शुक्रवारी पुढच्या तेरा आठवड्यांची आवक-जावक एका कागदावर मांडतो. अकराव्या आठवड्यातला खड्डा आज दिसला, तर बँकेत ताठ मानेने जाता येतं. पगाराच्या आदल्या दिवशी दिसला, तर हात पसरावे लागतात.

३. कुणा एकाच्या शेड्यूलवर सगळं घर टांगू नका

२०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा माझा सत्तर टक्के माल एकाच वाहन कंपनीकडे जात होता. त्यांचं शेड्यूल जवळजवळ निम्म्यावर आलं. मंदीवर माझा इलाज नव्हता. पण त्याआधीचे दोन महिने शेड्यूल थोडं थोडं आटत होतं, तो कागद दर सोमवारी माझ्या टेबलावर येत होता आणि मी त्यांच्या खरेदी विभागाला एक फोनही केला नाही. उत्तर ऐकायचं नव्हतं, म्हणून मी प्रश्न विचारला नाही. त्या दिवाळीत चाळीस हंगामी कामगारांना घरी पाठवावं लागलं. त्यातल्या बऱ्याच जणांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत.

आता कुठल्याही एका गिऱ्हाइकाचा वाटा तीस टक्क्यांवर जाऊ देत नाही. पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, शेतीची अवजारं यांची कामं घेतली. ती नवी गिऱ्हाइकं मिळवायला दोन-अडीच वर्षं गेली. हे काम भरभराटीच्या दिवसांतच सुरू करावं लागतं.

४. किलोच्या भावाला भुलू नका

आमच्या धंद्यात दर किलोवर ठरतो आणि त्या सवयीत तोटा दडून बसतो. एक जड, साधं कास्टिंग आणि एक हलकं, आत चार कोअर (पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे) असलेलं कास्टिंग किलोमागे थोड्याशाच फरकाने विकलं जातं. हलक्या कास्टिंगला मात्र कोअर शॉपचे तास लागतात, मोल्डिंग लाइन तितकीच अडते, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करायला, दुप्पट हात लागतात आणि रिजेक्शन वेगळंच. नावाजलेल्या कंपनीचं म्हणून असं एक काम मी तीन वर्षं अभिमानाने केलं. मग मोल्डिंग लाइनच्या एका तासामागे किती पैसे उरतात हे प्रत्येक पार्टसाठी काढलं, तेव्हा त्या कामात दर महिन्याला पदरचे पैसे जात होते.

दर वाढवून मागितला, मिळाला नाही, तेव्हा सहा महिन्यांची मुदत देऊन काम सोडलं. विक्री घटली, उरणारा पैसा वाढला. सगळं काम जिथे अडतं, तिथला तास कशावर खर्च होतो, हे मालकाला पाठ असायला हवं. फौंड्रीत तो मोल्डिंगचा असेल, हॉटेलात जेवणाच्या वेळेतल्या टेबलाचा, छापखान्यात मशिनचा.

५. तुम्ही नसताना काय करायचं, ते लिहून ठेवा

ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. मी पुण्याच्या बाजूला अडकलो होतो. कारखान्यात वीज गेली तेव्हा भट्टीत रस होता. तो लगेच ओतून भट्टी रिकामी करायची, हे पाळीच्या प्रमुखाला ठाऊक होतं. पण एवढा रस वाया घालवायचा तर मालकांची परवानगी हवी, असं त्याला वाटलं. तो मला फोन लावत राहिला, फोन लागत नव्हता. रस भट्टीतच गोठला. लायनिंग फोडून नव्याने बसवावं लागलं.

लोक म्हणाले, माणूस कच्चा. माणूस पक्का होता. पंचवीस वर्षं लहानसहान खरेदीवरही मीच सही करत आलो होतो, मग एवढा मोठा निर्णय त्याने कुठल्या बळावर घ्यायचा? त्यानंतर आम्ही एक पान तयार केलं. भट्टी रिकामी करणं, ओतणी थांबवणं, संशयित माल गेटवर रोखणं आणि पन्नास हजारांपर्यंतचा तातडीचा खर्च, हे निर्णय पाळीप्रमुखाचे. विचारायचं नाही, नंतर सांगायचं. निर्णय चुकला तरी त्या पानावर बोट ठेवून मी त्याच्या पाठीशी उभा राहीन, असं खाली लिहून सही केली.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा महामार्गावर पाणी आलं. या वेळी त्याच माणसाने नदीची पातळी बघून आदल्या संध्याकाळीच भट्टी रिकामी केली, पाळी सोडून दिली आणि मला मेसेज केला, ‘सगळे घरी पोचले.’

६. कारागिराला गिऱ्हाइकाच्या दारात न्या

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीला नांगर खपत नव्हते. बेळगावातल्या सायकलींच्या छोट्या दुकानापासून निघालेला हा माणूस १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवू शकला. गिऱ्हाइकाचा ‘नाही’ त्याच्या दारात जाऊनच समजतो.

आम्ही दर तीन महिन्यांनी चार मोल्डर आणि दोन फेटलर गिऱ्हाइकाच्या मशिन शॉपमध्ये पाठवतो. आपण भरलेल्या साच्याचं कास्टिंग टूलखाली कसं कापलं जातं, वाळूचा एक कण राहिला तर इन्सर्ट कसा तुटतो, हे ते डोळ्यांनी बघतात. माझ्या दहा भाषणांनी जे झालं नाही, ते त्या एका फेरीने होतं.

७. तुमच्याबद्दलची वाईट बातमीही येऊ द्या

माझी मुलगी धातुशास्त्र शिकून कारखान्यात आली. महिनाभर सकाळच्या बैठकीत नुसती उभी राहिली आणि मग एका रात्री जेवताना म्हणाली, “बाबा, तुम्ही विचारता काय बिघडलं, आणि कुणी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच देता.” मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोजलं. सात प्रश्नांपैकी पाचांची उत्तरं मीच दिली होती. आता बैठक प्लांट हेड घेतो. मी मागे उभा राहतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. कंपनीतला कुणीतरी एक जण आपल्याला हे सांगू शकला पाहिजे. असा कुणी नसेल, तर त्याला शोधणं हे प्रमुखाचं काम.

गेल्या पावसाळ्यात मी असाच मागे उभा होतो. तो जुना मोल्डर, निवृत्तीला चार महिने राहिलेले, सँड प्लांटवरून मूठभर वाळू घेऊन आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. सरळ प्लांट हेडच्या पुढ्यात हात उघडला आणि म्हणाला, “वाळू वली हाय. लाइन थांबवा.”

लाइन चाळीस मिनिटं थांबली. त्या दिवसाचं एकही कास्टिंग परत आलं नाही.