खो-खोच्या मैदानावर गटनेतृत्वाचे धडे

पिकाचे तंत्र चुकले म्हणून शेतकरी गट मोडल्याचे क्वचितच आढळते. बहुतेक गट मोडतात ते सर्व सूत्रे एकाच माणसाच्या हाती राहिल्यामुळे. विस्तारकार्यानिमित्त फिरताना एका भाजीपाला गटाची अवस्था पाहण्यात आली. व्यापाऱ्यांशी बोलणे, टेम्पो ठरविणे, पट्टीचे पैसे वाटणे ही सर्व कामे अध्यक्ष एकटेच करीत. टोमॅटोचे तोडे ऐन भरात असताना ते आजारी पडले. कोणाकडून किती येणे आहे, हे इतर कोणालाच ठाऊक नव्हते. भरलेले क्रेट बांधावरच राहिले आणि पुढच्या हंगामात गटही राहिला नाही. अध्यक्ष प्रामाणिक होते. परंतु दुसरा माणूस तयार करायचे राहून गेले होते.

नेतृत्व व्याख्यान ऐकून येत नाही. विहिरीत उतरल्याशिवाय जसे पोहता येत नाही, तसेच हे आहे. त्यासाठी आपल्या मातीतला खो-खो उत्तम शाळा ठरतो.

खेळ काय शिकवितो?

पारंपरिक नियमांनुसार पाठलाग करणाऱ्या संघाचे ९ खेळाडू मैदानात असतात. त्यांपैकी ८ जण मधल्या पाटीवर आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. यातून तीन धडे मिळतात.

१) काम सोपविणे : गडी पलीकडच्या बाजूला गेला की तिकडे तोंड करून बसलेल्याला खो द्यावाच लागतो. उत्पादनात तरबेज असलेल्या अध्यक्षाने विक्रीचे काम त्यात जाण असलेल्या सभासदाकडे द्यावे, ते याच न्यायाने.

२) स्पष्ट सूचना : खो पाठीमागून, हात लावून व मोठ्याने द्यावा लागतो. गटातही काम कोणाचे, केव्हापर्यंत करायचे, हे सर्वांसमोर सांगावे.

३) सावधपणा व शिस्त : बसलेला खेळाडू खो मिळण्याआधी उठला तर चूक धरली जाते आणि मिळाल्यावर रेंगाळला तर गडी निसटतो. प्रत्येक सभासदाला हिशेब व बाजारभाव माहीत असावा, तरच वेळ येताच तो उठू शकेल.

अनुभवातून शिकण्याच्या चार पायऱ्या

नुसते खेळून मात्र भागत नाही. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अनुभवाधिष्ठित शिक्षणाच्या चक्रात चार पायऱ्या आहेत : अनुभव, त्यावर विचार, निष्कर्ष आणि नवा प्रयोग. १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या बंदोबस्तासाठी सुरू झालेल्या शेतीशाळांची रीतही अशीच होती. शेतकरी दर आठवड्याला शेतात उतरून किडी व मित्रकीटक मोजत, चर्चा करीत आणि फवारणीचा निर्णय स्वतः घेत. गटबांधणीचे खेळ हा त्या शाळांचाच भाग होता.

गटाने काय करावे?

- मासिक सभेपूर्वी ९-९ मिनिटांचे दोन डाव खेळावेत. प्रत्येक वेळी कर्णधार नवा असावा. वयस्क सभासदांनी पंच व गुणलेखक व्हावे.
- डाव संपताच गोल बसून तीन प्रश्न विचारावेत : गडी कोठे निसटला? खो का उशिरा दिला गेला? आपल्या गटाच्या कामात असे कोठे घडते?
- उत्तरांतून एकच निर्णय घेऊन इतिवृत्तात लिहावा. उदा. पुढील दोन खेपांची विक्री अध्यक्षांऐवजी दुसऱ्या सभासदाने पाहावी.
- अध्यक्षांनी त्या काळात सल्ला द्यावा, पण काम हातात घेऊ नये. नव्या माणसाची छोटी चूक खपवून घ्यावी.
- पुढील सभेत नफा-तोट्याचा हिशेब मोठ्याने वाचून निर्णय पुढे चालवावा की बदलावा, ते ठरवावे.

महिला बचत गटांनाही ही पद्धत सहज अवलंबिता येईल. खर्च जवळजवळ नाही. दोन खांब, थोडी फक्की व मोकळी जागा पुरते.

सहा महिन्यांनी गटाची परीक्षा घ्यावी. अध्यक्षांनी आठ दिवस बाहेरगावी जावे. माल वेळेवर बाजारात पोहोचला आणि पट्टीचा हिशेब जुळला, तर गटात नेतृत्व तयार झाले असे समजावे.