बालवाडी सुटल्यावर

बालवाडी सुटते, मुले घरी जातात आणि खोलीत विखुरलेले मणी, अर्धवट राहिलेला ठोकळ्यांचा मनोरा, एखादी विसरलेली चप्पल एवढे मागे राहते. सतरंजी झटकायची, हजेरी भरायची, की कुलूप लावून आपणही घराकडे वळतो. आपल्या वाचकांपैकी पुष्कळ भगिनी आपापल्या गावी बालवाडी चालवितात, कित्येकजणी शब्बाथशाळेचा शिशुवर्ग घेतात. कुलूप लावण्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांविषयी आज आपण थोडा विचार करू या.

प्रथम आमचीच चूक सांगतो. आमची बालवाडी बेळगावकडच्या सीमाभागातली. काही वर्षांपूर्वी चार वर्षांची एक मुलगी आमच्याकडे येऊ लागली. ती बोलत नसे. रंग विचारला तर खाली पाही. ओळीत उभी राहा म्हटले तर जागची हलत नसे. महिनाअखेर आम्ही तिच्या पत्रकात लिहिले, ‘लक्ष देत नाही. हट्टी आहे.’ तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. पण तिच्या आईला फाटकाशी गाठून, “मुलगी जरा मंद वाटते,” असेही बोलून गेलो. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलगी येईनाशी झाली.

आठवड्याने आमच्या मदतनीस मावशी तिला घरून घेऊन आल्या. तेव्हा आम्ही ठरविले, की आता मत द्यायचे नाही, फक्त पाहायचे आणि लिहायचे. वहीत असे उतरत गेले: ‘सोमवार. गाण्याच्या वेळी खिडकीशी. ओठ हलतात, इतरांच्या मागून.’ ‘मंगळवार. लाल मणी वेगळे, पिवळे वेगळे केले. कोणी सांगितले नव्हते.’ ‘गुरुवार. मावशी म्हणाल्या, “बा इल्ली.” धावत गेली.’

शनिवारी या तीन ओळी एकाखाली एक वाचल्या आणि आमचे आम्हालाच वाईट वाटले. मुलीच्या घरी कानडी बोलत. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही, प्रवेशाच्या अर्जावरच लिहिलेले होते. तिला रंग येत होते. आमचा प्रश्न तिला कळत नव्हता.

आपल्या शिकविण्याकडे असे मागे वळून पाहणे काही नवे नाही. अमेरिकेतील विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी 1983 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दोन प्रकारचे चिंतन सांगितले: काम चालू असतानाचे आणि काम झाल्यानंतरचे. पहिले अनुभवाने अंगी येते. दुसऱ्यासाठी वेळ काढावा लागतो, आणि तोच कोणी काढीत नाही.

शिकागोच्या एका शाळेत बालवर्ग शिकविणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी तो काढला. त्या वर्गात टेपरेकॉर्डर ठेवीत आणि नंतर मुलांचे बोलणे ऐकून उतरवून काढीत. ऐकताना त्यांना प्रथम मुलांपेक्षा स्वतःच ऐकू आल्या. मूल काही सांगू लागले, की बाई मध्येच आपल्याला हव्या असलेल्या उत्तराकडे ते बोलणे ओढून नेत होत्या! पुढे मुलांचे बोलणे ऐकून घेणे हाच त्यांच्या शिकविण्याचा पाया झाला. आज टेपरेकॉर्डर शोधावा लागत नाही, मोबाईल प्रत्येकीच्या पिशवीत आहे. दहा मिनिटांचे आपलेच बोलणे एकदा ऐकून पाहावे. आम्ही ऐकले. ‘गप्प बसा’ हे शब्द इतक्या वेळा निघाले, की मोजणे सोडून दिले.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले. दोघांच्या पुढाकाराने 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1945 साली ताराबाई बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण ज्या गरीब वस्त्यांसाठी एवढा खटाटोप, तिथली मुले येईनात. अशा वेळी ‘या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही’ हे वाक्य किती चटकन तोंडात येते! बाईंनी उलट पाहिले. मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे. यातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. 1975 सालच्या 2 ऑक्टोबरला सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे हे नाव पुढे देशभर झाले. महागड्या मॉन्टेसरी साहित्याच्या जागी शिंपले, खडे, पाने, बिया आल्या. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर कुरणावरच शाळा भरविली गेली. प्रत्येक वेळी दोष मुलावर न टाकता, आपली रीत कुठे अडते आहे, एवढेच पाहिले गेले.

आता आपल्या पंधरा मिनिटांकडे येऊ. तीस मुलांविषयी रोज लिहिणे अशक्य आहे, तसा संकल्प करणारीची वही तिसऱ्या दिवशी कोरी राहते. रोज दोनच मुले घ्यावीत, म्हणजे कामाच्या पंधरा दिवसांत वर्ग पुरा होतो. डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले तेवढेच लिहावे. हट्टी, हुशार, आळशी, गुणी असली विशेषणे वहीत नकोत. ‘गुणी’सुद्धा नको, गुणी ठरलेल्या मुलाकडे आपण पुन्हा पाहत नाही. त्यानंतर एक ओळ स्वतःविषयी लिहावी: आज मी काय केले, आणि उद्या काय वेगळे करून पाहीन? ही ओळ सर्वांत अवघड. आमच्याकडे ती पहिला महिनाभर पुष्कळदा रिकामीच राहिली. भरू लागली तेव्हा कळले, की हात धुण्यासाठी, पाण्यासाठी, खाऊसाठी मुले रोज जवळजवळ पाऊण तास नुसती ओळीत उभी असतात आणि बहुतेक भांडणे तिथेच होतात. दाराशी दुसरी बादली ठेवली. शिस्तीवरच्या व्याख्यानांपेक्षा त्या बादलीने जास्त काम केले.

वही ही न्यायनिवाड्याची नोंद नव्हे, म्हणून ती पालकांपुढे धरू नये. उपासनेनंतर चर्चच्या आवारात तिची चर्चा तर मुळीच होऊ नये. आपल्या मंडळ्या लहान असतात. एका बाईने सहज काढलेला शब्द त्या मुलाच्या मागे मॅट्रिकपर्यंत जातो. वाचायचीच झाली तर सहकारी शिक्षिकेने वाचावी, आणि तिने तपासणीस म्हणून नव्हे तर मैत्रीण म्हणून दोन प्रश्न विचारावेत.

त्या मुलीसाठी आम्ही मावशींकडून रंगांची कानडी नावे शिकलो. लाल मणी उचलून आम्ही अडखळत “केंपु” म्हटले, तेव्हा ती हसली, कारण आमचा उच्चार चुकला होता. तिने तो दुरुस्त केला. तो तिने वर्गात उच्चारलेला पहिला शब्द. चार दिवसांत निम्मा वर्ग केंपु, केंपु करू लागला. दिवाळीनंतर ती दोन्ही भाषांतून भांडू लागली.

पत्रकातली ती ओळ आम्ही खोडली आणि तिच्या घरी जाऊन आईची क्षमा मागितली. आईने चहा दिला. तरी वर्ष संपेपर्यंत मुलीला सोडताना ती फाटकाच्या पलीकडेच थांबे, आत कधी आली नाही.